संग्रहातील ड्रमच्या काठ्या : कर्ता आणि काळ

आमच्या शाळेच्या कपाटात ड्रमच्या काठ्यांचे दोन जोड जपून ठेवलेले आहेत. १४ एप्रिल १९५६ च्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्या वाजल्या, असे आम्ही ज्येष्ठांकडून ऐकत आलो. स्मरणिकेत तसेच छापावे असा प्रेमळ आग्रहही झाला. परंतु केवळ ऐकिवावर विसंबू नये ही कालामसुत्ताची शिकवण आम्ही विद्यार्थ्यांना देतो. तेव्हा तपासल्यावाचून छापणे आम्हांस योग्य वाटेना.

निर्मात्याचे नाव काठीच्या अंगावर दाबून किंवा शाईने उमटवितात. हाताचा घाम आणि ड्रमच्या कडेचा मार यांनी तेच प्रथम पुसले जाते. ते वाचण्यासाठी पॉलिशकागद मुळीच लावू नये. अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरावा. असे केल्यावर पहिल्या जोडावर ‘५बी’ एवढेच दिसले. ही अमेरिकी पद्धत. ‘बी’ म्हणजे बँडसाठी, ‘एस’ रस्त्यावरील संचलनासाठी आणि ‘ए’ ऑर्केस्ट्रासाठी. (‘ओ’ छापण्यात बरा दिसत नाही म्हणून लुडविग यांनी ‘ए’ घेतला, असे सांगतात.) पुढे अनेक निर्मात्यांनी हेच क्रमांक स्वीकारले. त्यामुळे क्रमांकावरून आकार कळतो, कर्ता नव्हे.

काळ मात्र टोकाने सांगितला. या जोडाची टोके पांढऱ्या नायलॉनची आहेत. नायलॉनचे टोक अमेरिकेतील नायगारा फॉल्स येथील वादक जो कॅलाटो यांनी १९५८ च्या सुमारास प्रचारात आणले. अर्थात हा जोड १९५६ च्या मिरवणुकीत असणे शक्य नाही. हे लिहिताना आमचे मन जड झाले, कारण याच जोडाला आम्ही दरवर्षी फूल वाहत होतो.

दुसरा जोड काळसर, जड आणि सबंध लाकडी आहे. दोन्ही काठ्यांची मान सारखी नाही, अंगावर कातकामाची वळी दिसतात. म्हणजे तो कारखान्याचा नसून एखाद्या काताऱ्याच्या हातचा असावा. अशा काठीवर नाव शोधणे व्यर्थ. वजनावरूनही फार ठरवू नये, कारण मढच्या दमट खाऱ्या हवेत लाकूड पाणी धरते आणि पावसाळ्यात अधिक भरते. त्याच्या पिशवीत एक पावती निघाली, तीवर रक्कम ‘३-४-०’ अशी, रुपये-आणे-पैमध्ये आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी आले, म्हणून पावती बहुधा त्यापूर्वीची. तथापि काही दुकानदार आण्यांचा हिशेब पुढेही ठेवीत, आणि पावती याच काठ्यांची आहे हेही सिद्ध होत नाही.

ज्यांच्या घरी जुनी वाद्ये आहेत त्यांनी चिठ्ठीवरील पत्ता अवश्य पाहावा. ‘सियालकोट, इंडिया’ असल्यास ती फाळणीपूर्वीची. सहा अंकी पिनकोड असल्यास १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. इंग्रजीत ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असल्यास बहुधा १९९५ नंतरची.

कपाटातील पाटी आम्ही बदलली आहे. पहिल्या जोडाखाली ‘१९५८ नंतरचा’ आणि दुसऱ्याखाली ‘हातकामाचा, काळ अनिश्चित’ असे लिहिले आहे. माजी विद्यार्थ्यांकडे त्या मिरवणुकीचे छायाचित्र असल्यास वादकाच्या हातांकडे भिंगातून पाहावे आणि त्याची प्रत शाळेकडे पाठवावी. दुसऱ्या पाटीवर जागा मोकळी ठेवली आहे.