उकळते पाणी ६८ अंशांवर?

पाऱ्याची तापमापी वाचताना डोळा वरखाली झाला तर चूक होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आपण पुन्हा एकदा वाकून पाहतो. पण संगणकाच्या पडद्यावर ‘६८.०’ असा आकडा उमटला, की त्याच्याबद्दल शंका घ्यायचे आपल्याला सुचत नाही. दशांश चिन्हापुढे आकडा दिसला की फारच विश्वास बसतो!

आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थ्यांनी पाणी निवण्याचा आलेख काढण्यासाठी थर्मोकपल, म्हणजेच तपयुग्म, संगणकाला जोडले. हिवाळ्यातली सकाळ होती आणि खोलीचे तापमान २२ अंश सेल्सिअस होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. पडद्यावर मात्र ७७ आले. मुलांनी तोड काढली : यंत्र २१ अंश कमी दाखवते, तर प्रत्येक वाचनात २१ मिळवावे. दुपारी खोली ३१ अंशांवर गेली आणि उकळत्या पाण्याचे वाचन आले ६८. त्यात २१ मिळवले तरी ८९ च! सकाळच्या वहीतली सारी वाचने आता संशयात सापडली. थर्मोकपल बदलून पाहिले. नवेही तेच सांगू लागले.

दोष थर्मोकपलचा नव्हताच. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडली आणि सांध्यांची तापमाने वेगळी ठेवली, तर परिपथात विद्युत्‌दाब निर्माण होतो. झेबेक या शास्त्रज्ञाला हा परिणाम १८२१ मध्ये आढळला. म्हणजे थर्मोकपलकडून आपल्याला तापमान मिळत नाही. गरम सांधा आणि थंड टोक यांच्यातील फरकाची खूण मिळते. आमचे थर्मोकपल क्रोमेल व अल्युमेल या मिश्रधातूंचे होते. त्याच्या कोष्टकात ९८ अंशांसमोर ४.०१३ मिलिव्होल्ट दिलेले असतात, पण थंड टोक बर्फात, शून्य अंशावर आहे असे धरून. आमचे थंड टोक होते संगणकाच्या कार्डावरील स्क्रूंपाशी, २२ अंशांवर. २२ अंशांचे ०.८७९ मिलिव्होल्ट वजा होऊन ३.१३४ उरले आणि कोष्टकात ते ७७ अंशांपाशी सापडतात. दुपारचे ६८ तुम्हीच पडताळा. ३१ अंशांचे १.२४४ मिलिव्होल्ट आहेत.

येथे एक बारकावा आहे. ७७ मध्ये २२ मिळवले तर ९९ येतात, ९८ नव्हे. दाब दर अंशाला अगदी सारखा वाढत नाही, म्हणून मिळवायचे ते मिलिव्होल्ट, अंश नव्हेत. स्क्रूंशेजारी एक छोटा थर्मिस्टर बसवून त्यांचे तापमान मोजतात आणि तेवढ्या तापमानाचा दाब संगणकाकडून मिळवून घेतात. आमच्या मुलांच्या प्रोग्राममध्ये ही पायरीच नव्हती.

हे दोन मिनिटांत ओळखता येते. थर्मोकपल सोडवा आणि दोन स्क्रूंमध्ये तांब्याच्या तारेचा आखूड तुकडा जोडा. भरपाई होत असेल तर पडद्यावर स्क्रूंचे, म्हणजे जवळजवळ खोलीचे, तापमान दिसेल. होत नसेल तर शून्य दिसेल. आम्हाला शून्य दिसले. ही चाचणी नेहमी सर्वांत आधी करावी, असे माझे मत आहे.

पाणी तापवताना वाचन उतरू लागले तर तारा उलट जोडल्या आहेत. ही चूक फसवी असते, कारण भरपाई चालू असेल तर खोलीच्या तापमानाला आकडा बरोबरच येतो. लाल तार धन, या आपल्या सवयीने ती हमखास होते. अमेरिकी पद्धतीच्या थर्मोकपलमध्ये लाल तार ऋण असते. या प्रकारात रंगापेक्षा लोहचुंबक बरा. अल्युमेलची ऋण तार चुंबकाकडे ओढली जाते, क्रोमेलची नाही.

वाचन एकदम तीस-तीस अंशांच्या उड्या मारते का? मग कार्ड पाहा. १२ बिटांचे कार्ड ० ते ५ व्होल्टचे ४०९६ भाग करते. एक भाग सुमारे १.२ मिलिव्होल्टचा. आपले थर्मोकपल अंशामागे देते जेमतेम ०.०४ मिलिव्होल्ट. शेरांच्या मापाने केशर मोजण्यासारखे हे झाले! मध्ये शंभरपट वर्धक घातला, की पायरी ०.३ अंशांवर येते. आकडा नुसता थरथरत असेल तर तारा विजेच्या वायरींपासून दूर न्या, एकमेकींना पीळ द्या आणि अनेक वाचनांची सरासरी घ्या.

आता एक कोडे. थर्मोकपल आखूड पडले म्हणून कोणी त्याला साध्या तांब्याच्या तारा जोडून ते संगणकापर्यंत नेले. जोड शेगडीजवळ ४५ अंशांवर आहेत, स्क्रू ३० अंशांवर, आणि भरपाई चालू आहे. वाचन जास्त येईल की कमी, आणि साधारण किती? (उत्तर : सुमारे १५ अंश कमी. कारण मात्र तुम्ही शोधा आणि वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगा.)