नाव झाकणारा कायदा

माणसाची प्रत्येक गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी नसते. पण कोणती गोष्ट गुप्त मानायची आणि ती फोडली तर गुन्हा केव्हा होतो, हे कायद्याला नेमके सांगावे लागते. त्याचे एक उदाहरण आपण पाहू.

समजा, एका गावात एका मुलीवर अत्याचार झाला. बापाने पोलिसांत फिर्याद दिली. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी मोबाईलवर मजकूर लिहून गावभर पाठविला. त्यात मुलीचे नाव नव्हते. 'आठवीतली, पिठाच्या गिरणीवाल्याची थोरली' एवढेच होते. त्याला हटकले, तर तो म्हणतो, "अहो, मी नाव कुठं घेतलं?"

आता तुम्हीच सांगा, गावात पिठाची गिरणी एकच. मग नाव घ्यायचे राहिले काय?

ही पळवाट कायद्याने आधीच बुजविली आहे. १९८३ साली जुन्या भारतीय दंड संहितेत २२८-अ हे कलम घातले गेले. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ७२ व्या कलमात तोच नियम आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात जिच्यावर अन्याय झाला तिचे नाव, किंवा तिची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट, छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

'अशी कोणतीही गोष्ट' हे शब्द पुन्हा वाचा. सारे बळ त्यांतच आहे.

अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी २०१२ चा वेगळा कायदा आहे. त्याला पोक्सो म्हणतात. त्यात तर यादीच दिली आहे : नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार. यांतले काहीही बातमीत येता कामा नये.

११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले. वर्तमानपत्र असो की समाजमाध्यम, ओळख आडूनही सुचवू नये. ती बाई हयात नसली तरीही नाही.

मग पोलिसांनाही नाव सांगायचे नाही काय? तसे नाही. फिर्यादीत नाव सांगावेच लागते. तो गुन्हा नव्हे. सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने आपले नाव पुढे आणले, तर तोही तिचा हक्क आहे. तो हक्क तिचा आहे, गावाचा नाही.

एवढी काळजी कशासाठी? नाव फुटले की मुलीची शाळा सुटते. माणसे तिच्याकडे बोट दाखवितात. घरचे म्हणतात, "नको ती फिर्याद." आणि गुन्हेगार मोकळा फिरतो. पारावरची कुजबुज कलमात बसो वा न बसो, तिचा घाव तोच असतो. खरे तर मान खाली जावी ती गुन्हेगाराची.

म्हणून असा मजकूर हाती आला, तर आपण तो पुढे पाठवू नये. दुसऱ्यालाही पाठवू देऊ नये.

प्रश्न

१. नाव न घेताही ओळख कशी फुटते?
२. पोक्सो कायद्याच्या यादीत कोणत्या गोष्टी आहेत?
३. पोलिसांना नाव सांगणे आणि गावभर सांगणे, यांत फरक काय?