एका बोटाचे खेळणे



भोवऱ्याला दोरी गुंडाळावयास बोटे लागतात, विटीदांडूला मनगट लागते, गोटीला अंगठा लागतो. ज्या मुलाचे हातपाय त्याचे ऐकत नाहीत, त्याच्या वाट्याला मात्र बहुधा एकच खेळ येतो : दुसऱ्यांचा खेळ पाहत बसण्याचा.

मेंदूची वाढ होत असताना, जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी अथवा त्यानंतर लवकरच, त्यास इजा झाली म्हणजे स्नायूंवरील ताबा बिघडतो. यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते. अशा मुलांच्या शिक्षणासाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना हाच विकार आहे. त्यांनी करंगळीने एकेक अक्षर टंकलिखित करून आत्मचरित्र लिहिले व त्यास 'वन लिटल फिंगर' असे नाव दिले. एक हालचाल जरी स्वाधीन असली, तरी उरलेले काम यंत्रावर सोपविता येते, हा यातील बोध होय.

खेळण्यांनाही हाच नियम लागू पडतो. सिल्वासाच्या बाजारात मिळणारी, सेलवर धावणारी मोटार किंवा चालणारा यंत्रमानव घ्या. त्यातील चाके, दंतचक्रे व मोटार ठीक असतात; अडचण असते ती बारीक कळीची. म्हणून ती कळ बाहेर आणावयाची. तांब्याच्या दोन पातळ चकत्या घेऊन त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. प्रत्येक चकतीला डाख देऊन एकेक तार जोडावी. हा थर सेलचे टोक व खेळण्यातील धातूची पट्टी यांच्यामध्ये सरकवावा. आता खेळण्याची मूळ कळ चालू ठेवली, तरी वीज वाहत नाही. बाहेरच्या दोन तारा परस्परांस जोडल्या, तरच मंडल पूर्ण होते.

त्या तारांसाठी मोठी कळही घरी करता येते. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवून प्रत्येकास एकेक तार जोडावी. वर्खाच्या बाजू समोरासमोर आणून मध्ये भोक पाडलेला स्पंज ठेवावा. वरून दाबले की भोकातून वर्ख वर्खास टेकतो व मोटार धावते. सोडले की थांबते. ही कळ बोटाजवळच नव्हे, तर कोपर, गुडघा किंवा डोके यांजवळही ठेवता येते. योग्य जागा कोणती, हे त्या मुलास व त्याच्या उपचारतज्ज्ञास विचारून ठरवावे. हा प्रयोग केवळ साध्या सेलवरील खेळण्यांवर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. घरातील विजेवर चालणाऱ्या वस्तूस हात लावू नये.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे यांनी याच तत्त्वावर लहान मुलांना बसावयाच्या बाजारी मोटारगाड्या सुधारल्या. पायपट्टीच्या जागी मोठे बटण लावले व प्लॅस्टिकच्या नळ्यांचा आधार दिला. विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीच्या मानाने अशा गाडीस फारच थोडा खर्च येतो. स्वतःच्या इच्छेने जागचे हलणे म्हणजे काय, हे ते मूल तिच्यात बसून शिकते.

खरी किंमत आहे ती याच अनुभवाची. 'मी दाबले म्हणून गाडी धावली' हे कळलेले मूल केवळ प्रेक्षक राहत नाही. म्हणून मित्रहो, असे खेळणे कराल तेव्हा एक पथ्य पाळा. त्या मुलास वेळ लागेल, हात चुकेल, तुम्हांस घाई होईल. तरीही त्याच्या वतीने कळ दाबू नका. ती त्यालाच दाबू द्या.