सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातील बिघाड कसा शोधावा?



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तो तुमच्या उसाशीच निगडित आहे. आज ऊस नोंद, तोडणी चिठ्ठी, काट्यावरचे वजन आणि उसाचे बिल हे सगळे सर्व्हर नावाच्या एका मोठ्या संगणकात साठवलेले असते. हंगामात कधी तरी काट्यावर "सर्व्हर बंद आहे" असे ऐकू येते. मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहतो. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा हे आम्ही नेहमी सांगतो. उशीर झाला की वजनही घटते आणि साखरही घटते. म्हणून हा बिघाड म्हणजे काय, तो कसा शोधतात आणि त्या वेळी सभासदाने काय करावे, हे या लेखात पाहू.

१. नेटवर्क कार्ड म्हणजे काय?

विहिरीत पाणी भरपूर आहे, पण शेतात येत नाही, अशी स्थिती आपल्याला माहीत आहे. मग आपण स्टार्टर, मोटार, फूटव्हॉल्व्ह, पाइपलाइन असे क्रमाने तपासतो. सर्व्हर ही विहीर धरली, तर नेटवर्क कार्ड हे पाणी बाहेर काढणारे तोंड होय. तळहाताएवढी ही पट्टी सर्व्हरच्या खाचेत बसवलेली असते, किंवा मुख्य बोर्डावरच जोडलेली असते. तिच्यात एक वायर खोचतात. वायरचे दुसरे टोक स्विच नावाच्या पेटीत जाते आणि तिथून काटा, शेती विभाग, हिशेब विभाग यांना वाटा फुटतात. ही इथरनेट पद्धत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित करायला घेतली. तिचाच सुधारलेला प्रकार आज सगळीकडे वापरात आहे.

कार्ड बिघडले तरी सर्व्हरमधील नोंदी पुसल्या जात नाहीत. नोंदी डिस्कवर असतात, कार्ड हा फक्त रस्ता आहे. तेव्हा "माझं टनेज गेलं" अशी धास्ती घेऊ नये.

२. पहिला प्रश्न : बंद कोणाचे आहे?

एकाच काट्याचा संगणक जोडला जात नसेल आणि बाकी सगळे चालू असतील, तर सर्व्हरला हात लावण्याचे कारण नाही. दोष त्या संगणकात किंवा त्याच्या वायरीत शोधावा. सगळेच एकदम बंद पडले, तर मात्र सर्व्हर, त्याचे कार्ड, त्याची वायर किंवा स्विच यांपैकी कशात तरी दोष आहे.

३. तपासणीचा क्रम

(अ) दिवा पाहावा. वायर खोचतो तिथे बारीक दिवा असतो. तो विझलेला असेल तर स्विचशी जोडच झालेला नाही. मात्र दिवा लागला म्हणजे कार्ड ठणठणीत आहे असे समजू नये. मोटार गुणगुणते म्हणून पाणी चढतेच असे नाही.

(आ) वायर बदलून पाहावी. कार्डापेक्षा वायर स्वस्त आणि बदलायला सोपी. उंदीर कुरतडतात, टोकाची क्लिप तुटते, वायर दारात चेपते. तांब्याच्या वायरीची एका दमातली मर्यादा १०० मीटर आहे. या वायरीत ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. १००० मेगाबिटचा वेग मिळायला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली की काम काही वेळा पूर्ण बंद न पडता नुसते मंद होते. वेग १००० वरून १०० वर आलेला दिसला, तर आधी वायरीवर संशय घ्यावा.

(इ) स्विचमधील भोक बदलावे. तीच वायर स्विचच्या दुसऱ्या, चालू असलेल्या जागी लावून बघावी.

(ई) हाक मारून पाहावी. 'पिंग' ही आज्ञा दिली की एक संगणक दुसऱ्याला हाक मारतो आणि ओ येते का ते कळते. इथे बरेच जण फसतात. १२७.०.०.१ या पत्त्यावर हाक मारली आणि उत्तर आले, तर कार्ड चांगले असे ते म्हणतात. पण ही हाक सर्व्हरच्या पोटातच फिरते, कार्डातून बाहेर जात नाही. खरी परीक्षा शेजारच्या दुसऱ्या संगणकाला हाक मारण्यातच आहे.

(उ) चुकांची मोजणी पाहावी. पाठवलेल्या प्रत्येक पुडक्याच्या शेवटी एक ताळ्याचा आकडा असतो. पोहोचल्यावर ताळा जुळला नाही तर ते पुडके टाकून दिले जाते आणि चूक मोजली जाते. हा आकडा वहीत लिहावा व दहा मिनिटांनी पुन्हा पाहावा. वाढत असेल तर दोष चालू आहे. तेवढाच राहिला तर ती जुनी गोष्ट. तसेच कार्ड आणि स्विच या दोन्हींची वेगाची मांडणी 'ऑटो'वर आहे ना ते पाहावे. एक टोक ठरावीक वेगावर आणि दुसरे ऑटोवर असले, तर दिवा लागतो, पण काम रखडते.

(ऊ) सर्व्हरची रोजनिशी वाचावी. जोड केव्हा तुटला, केव्हा जुळला याची वेळ सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नुकताच बदलला होता का, हेही त्यातून कळते.

(ए) शेवटी कार्डाला हात लावावा. सर्व्हर रीतसर बंद करून विजेची वायर काढावी. अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या लोखंडी भागाला हात लावावा. कार्ड काढून धूळ साफ करावी व घट्ट बसवावे. तरी चालले नाही, तर त्याच खाचेत दुसरे खात्रीचे कार्ड घालावे आणि जुने कार्ड दुसऱ्या संगणकात लावून बघावे. दोष कार्डाबरोबर गेला तर तो कार्डाचा, जागेवरच राहिला तर तो खाचेचा किंवा मांडणीचा. बोर्डावरचेच कार्ड गेले असेल, तर ते मांडणीतून बंद करून खाचेत वेगळे कार्ड बसवता येते.

या सगळ्यात एक नियम पाळावा. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. वायर, स्विच आणि कार्ड एकदम बदलले, तर काम सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही. एकाच वाफ्यात खत, औषध आणि बेणे एकदम बदलले, तर फरक कशाने पडला ते सांगता येत नाही, तसेच हे.

४. नवे कार्ड बसवल्यानंतर

प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच स्वतःचा क्रमांक मिळतो. नवे कार्ड आले की हा क्रमांक बदलतो. जुन्या क्रमांकावर बांधलेला पत्ता नव्या कार्डाला आपोआप मिळत नाही, तो पुन्हा भरावा लागतो. म्हणून सर्व्हरचा पत्ता आणि मांडणी आधीच कागदावर लिहून ठेवावी. सर्व्हरच बंद पडल्यावर त्याच्यातली फाइल कशी उघडणार? दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर असेल, तर पावसाळ्यात विजेचा झटका तिच्यातून कार्डापर्यंत येऊ शकतो. तिथे काचतंतूची केबल घालावी. तिच्यातील काचेतून वीज वाहत नाही.

५. सभासदांनी काय करावे?

काट्यावर वजन दाखवणारे यंत्र सर्व्हरवर अवलंबून नसते. सर्व्हर तुटला तरी आकडा दिसतो. तेव्हा अशा वेळी हातपावती मागून घ्यावी. तिच्यावर वाहन क्रमांक, भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे वजन, तारीख, वेळ आणि काटा कारकुनाची सही असावी. संगणक सुरू झाला की छापील पावतीशी ती ताडून बघावी आणि बिल हाती येईपर्यंत जपून ठेवावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किमान दराने पैसे देणे बंधनकारक आहे. हे दिवस ज्या तारखेपासून मोजायचे, ती तारीख पावतीवरच असते.

दुसरे म्हणजे, काटा बंद असल्याचे कळले, तर चिटबॉयला विचारल्याशिवाय नव्या फडाला कोयता लावू देऊ नये. मुकादमालाही तसे सांगावे. उभा ऊस दोन दिवस थांबतो, तोडलेला थांबत नाही.

आपल्यापैकी बरेच जण सेवा सोसायटी किंवा दूध संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. तिथेही आता संगणक आले आहेत. एक जादा कार्ड, दोन चांगल्या वायरी आणि नोंदीची एक वही एवढे सामान दप्तरात ठेवावे. यंत्र आज ना उद्या बिघडायचेच. पण क्रमाने तपासले, तर दिवसाचे काम तासावर येते आणि गाडीतळावरचा ऊस वेळेत गव्हाणीत पडतो.