किशोरवयीन स्थूलता व वैद्यकीय चाचण्या : सही करण्यापूर्वी

पालघर जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणामुळे. तथापि बोईसर-तारापूरच्या वसाहतींतून बेटेगावी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींत स्थूलतेची तक्रारही आता नवी राहिलेली नाही. वजन घटविणाऱ्या नव्या इंजेक्शनांची वार्ता घरोघरी पोहोचल्यापासून पालकांचा एक प्रश्न वारंवार कानी येतो : “चाचणीत मुलाचे नाव घातले तर औषध फुकट मिळेल ना?” याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

चाचणी म्हणजे उपचाराची सवलत नव्हे. ‘स्टेप टीन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व सन 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या परदेशी चाचणीत 12 ते 17 वयाची 201 मुले होती. त्यांपैकी 134 जणांना सेमाग्लुटाइडचे साप्ताहिक इंजेक्शन मिळाले; उरलेल्या 67 जणांना तसेच दिसणारे, परंतु औषध नसलेले इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो. आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सर्वांनाच होते. 68 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्या गटाचा बीएमआय सरासरी 16.1 टक्के उतरला. दुसऱ्या गटाचा किंचित वाढलाच. परिणाम मोठा आहे, यात शंका नाही. परंतु मळमळ, उलट्या, जुलाब यांसारख्या तक्रारी औषधाच्या गटात अधिक होत्या व त्यातील 5 मुलांना पित्ताशयात खडे झाले. आणि आपले मूल कोणत्या गटात पडेल हे पालक ठरवीत नाहीत, डॉक्टरही ठरवीत नाहीत. ते चिठ्ठीवर सोडलेले असते. ज्यांना निश्चितपणे औषधच हवे आहे, त्यांनी चाचणीकडे वळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग अशा चाचण्या हव्यात कशाला? कारण आपल्या मुलांची शरीरे वेगळी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो. तरीही आपल्या बालकांच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने सन 2015 च्या वाढतक्त्यांत अतिवजन व स्थूलतेच्या रेषा प्रौढांच्या 23 व 27 बीएमआयशी जुळविल्या, 25 व 30 शी नव्हे, त्यामागे हीच जाण आहे. परदेशातील आकडे जसेच्या तसे येथे लागू करता येत नाहीत. त्याच सहा गावांतील साडेपाचशेहून अधिक मुलामुलींनी सन 2012 पासून बी-12 जीवनसत्त्वाच्या चाचणीत भाग घेतला. जन्मापासून ओळख असलेल्या संशोधकांवर त्या कुटुंबांचा विश्वास होता. एका दिवसात छापील कागद पुढे करून तो मिळत नसतो.

विश्वासाची दुसरी बाजूही आपल्या शेजारीच घडली आहे. गुजरातमधील वडोदरा व तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम या जिल्ह्यांत 2009-10 मध्ये 10 ते 14 वयाच्या मुलींवर गर्भाशयमुख कर्करोगाच्या लशीचा अभ्यास झाला. अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या. एप्रिल 2010 मध्ये काम थांबविण्यात आले आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. तेथे प्रश्न लशीच्या गुणाचा नव्हता, सही कोणाची हा होता. आश्रमशाळांच्या आपल्या जिल्ह्याने तो लक्षात ठेवावा. आज संमती आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाचीच लागते. त्याशिवाय 12 ते 18 वयात मुलाचा स्वतंत्र लेखी होकार घ्यावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मूल गप्प बसले म्हणजे होकार झाला, असे धरता येत नाही.

हिशेबाच्या बाजूविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तेथे आमचा हात चालतो. संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न व नामनिर्देशित व्यक्तीचे रकाने असतात. ते पाहून पालक दचकतात, किंवा बिलात सवलतीसाठी असतील असे समजतात. ते भरपाईकरिता आहेत. सन 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळतात. मृत्यू ओढवल्यास भरपाईच्या सूत्रातील मूळ रक्कम 8 लाख रुपये असून वय व जोखीम यांचे गुणक तिला लागतात. वय जितके कमी तितका गुणक मोठा. उत्पन्नाचा आकडा या सूत्रात कोठेच येत नाही, म्हणून तो कमी-अधिक लिहिण्यात काही लाभ नाही.

आमचे रुग्णालय चाचणीकेंद्र नाही. स्वतःची नीतिसमिती नसलेल्या केंद्रास त्याच शहरातील अथवा 50 किलोमीटरच्या आतील समितीची मान्यता लागते. मुंबई येथून त्याहून दूर आहे. तेव्हा इच्छुक कुटुंबास मुंबईची वारी अटळ. सव्वा वर्ष चालणाऱ्या चाचणीत लोकलने मुलासोबत कोण जाईल, त्या दिवसाच्या मजुरीचे काय, मध्येच दहावीची परीक्षा आली तर काय, आणि प्रवासखर्च कोण देणार, हे आधी विचारून घ्यावे. प्रत्येक चाचणीचा राष्ट्रीय नोंदवहीतील क्रमांकही मागावा. नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे. कधीही बाहेर पडता येते व त्यामुळे नेहमीच्या उपचारात खंड पडत नाही.

सही झाल्यावर माहितीपत्रकाची व भरलेल्या संमतीपत्राची प्रत पालकांना मिळालीच पाहिजे. ती घरात रेशनकार्डाजवळ ठेवावी. रात्री-अपरात्री पोटात दुखू लागले, तर जवळच्या डॉक्टरांना प्रथम तोच कागद दाखवावा लागेल.