शेगावहून कोकणात : माशांच्या ताटाला किती पैसे मोजावेत?

शेगावहून समुद्र चारशे किलोमीटरपेक्षा लांब. आपल्या बाजारात मासा येतो तो धरणातला : रोहू, कटला, कधीमधी मरळ. त्यामुळे सुट्टीत मालवण, तारकर्ली किंवा अलिबाग गाठलेल्या वऱ्हाडी कुटुंबाच्या हाती मेन्यूकार्ड आलं, की त्यातली दोनच नावं ओळखीची वाटतात : पापलेट आणि सुरमई. नेमके हेच दोन मासे महाग. घाईघाईत ऑर्डर जाते, जेवण छान होतं आणि बिल पाहून चेहरे उतरतात. खरं तर कोकणातलं चांगलं मासळीचं जेवण मध्यमवर्गीय खिशाला सहज परवडतं. त्यासाठी दर कसे ठरतात आणि काय मागवावं, एवढं आधी माहीत हवं.

जायचं केव्हा?

तारीख ठरवताना पहिली गोष्ट बघायची ती मासेमारीबंदी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ. या दिवसांत ताटात येतो तो बहुधा बर्फातला साठा, बाहेरून आलेला माल, खाडीची मासळी किंवा सुकट. दरही चढे असतात. परंपरेने नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात उतरतात आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खवय्यांचा खरा हंगाम. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा टाळला, तर खोली आणि जेवण दोन्ही स्वस्त पडतं.

वारही बघा. गजानन महाराजांचा गुरुवार पाळणाऱ्या आपल्या घरांनी मुक्काम असा आखावा, की किनाऱ्यावरचा एकुलता एक दिवस गुरुवारी येणार नाही. कोकणातही पुष्कळ घरांत सोमवारी आणि गुरुवारी मासे शिजत नाहीत. खाणावळींना गर्दी होते ती बुधवारी, शुक्रवारी आणि सर्वांत जास्त रविवारी.

मुंबईमार्गे जायचं तर पुढे कोकणकन्या, मांडवी किंवा तुतारी एक्सप्रेस पकडून कुडाळला उतरावं. तिथून मालवण साधारण तासाभराच्या रस्त्यावर आहे. नागपूर–मडगाव विशेष गाडी चालू असेल, तर ती शेगावला थांबून थेट कोकणात जाते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून तिकिटाआधी वेळापत्रक तपासून घ्या.

थाळीत काय मिळतं, काय नाही

साध्या खाणावळीतल्या मासे थाळीत एक तळलेला मासा किंवा तुकडी, वाटीभर कालवण, चपाती, तांदळाची भाकरी किंवा वडे, भात आणि सोलकढी असते. काही ठिकाणी सुक्या जवळ्याची चटणी किंवा तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकंही देतात. सध्या किनाऱ्यावरच्या साध्या खाणावळींचे दर साधारण असे :

• शाकाहारी थाळी : 150 ते 200 रुपये
• बांगडा थाळी : 200 ते 300
• कोळंबी थाळी : 300 ते 400
• सुरमई थाळी : 350 ते 500
• पापलेट थाळी : 450 पासून पुढे, आकारावर
• तिसऱ्या मसाला, एक प्लेट : 200 ते 300
• जादा सोलकढी : 30 ते 50

गाव, हंगाम आणि त्या दिवशीची आवक यांनुसार हे आकडे खाली-वर होतात. ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तुकडी एक की दोन? पुन्हा मागितलेलं कालवण, भात आणि भाकरी थाळीच्या दरात की वेगळी? आणि सोलकढी थाळीत आहे ना? बिल फुगतं ते बहुतेक याच जादा वाट्यांमुळे.

'साइजप्रमाणे' म्हणजे काय?

मेन्यूकार्डावर पापलेट, मोठी कोळंबी, कुर्ल्या (खेकडे) आणि शेवंड (लॉबस्टर) यांच्यापुढे दर नसतो. 'साइजप्रमाणे' किंवा 'बाजारभाव' एवढंच लिहिलेलं असतं. पद्धत रास्त आहे, कारण बंदरावरचा भाव रोज बदलतो. पण तो मासा तव्यावर पडल्यानंतर दर विचारण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणून मासा ताटलीत मागवून पाहावा, नगाचा दर विचारावा, मग होकार द्यावा. वजनावर दर सांगितला, तर वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं तेही विचारावं. डोकं, पोट, कल्ले गेले की मासा बराच हलका होतो. यात संकोच नको. चांगला खाणावळवाला मासा आपण होऊन दाखवतो.

मासा समोर आला, की कल्ल्याची झडप बोटाने वर करून आत बघा. ताज्या माशाचे कल्ले लालभडक आणि ओलसर असतात, शिळ्याचे तपकिरी पडतात. डोळा फुगीर आणि पारदर्शक हवा, खोल गेलेला पांढुरका नको. अंगावर बोट दाबून सोडलं, तर खळगा लगेच भरून आला पाहिजे. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, नाकात झोंबणारा उग्र वास येत नाही. तुकडी मागवताना रंग पाहा. सुरमईची तुकडी फिकी असते. गर्द लालसर मांस असेल तर तो गेदर म्हणजे कुपा असू शकतो. तोही चवीचा मासा आहे, पण त्याला सुरमईचा दर द्यायचा नाही.

कमी पैशांत अस्सल चव

कोकणातल्या घरांत रोज पापलेट शिजत नाही. तिथे चालतो तो बांगडा, तारली, मांदेली, बोंबील आणि तिसऱ्या. या स्वस्त मासळीला किनाऱ्यावर गिऱ्हाईक रोजचं असतं, माल पटापट खपतो आणि म्हणून ती ताजी मिळण्याची शक्यता जास्त. मालवणी बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिरफळं आणि आमसूल घातलेलं दाटसर कालवण, नागपुरात किंवा अकोल्यात सहसा मिळत नाही. खास तेच खायला जावं. तिरफळ हे मसाल्याचं फळ, ते चघळायचं नसतं, बाजूला काढून ठेवायचं.

पहिल्यांदाच खाणाऱ्याने काट्यांची भीती बाळगू नये. तळलेल्या बांगड्याच्या पाठीच्या रेषेत बोट घालून वरचा भाग अलगद उचलला, की मधला काटा अख्खा दिसतो. तो शेपटीकडून धरून उचलावा, खालची बाजू मोकळी होते. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना सुरमईची तुकडी बरी, तिच्यात मधला मोठा काटा सहज काढता येतो. तारली, मांदेलीत बारीक काटे असतात. कुरकुरीत तळलेली मांदेली मात्र काट्यासकट खाल्ली जाते.

आपल्या जिभेला तर्रीची सवय. मालवणी कालवणावर तेलाचा तवंग नसतो, नारळाचा दाटपणा असतो. पहिल्या घासाला ते सौम्य वाटेल. मीठ-तिखट वरून मागवण्याआधी ते भाताबरोबर, जमलं तर लाल उकड्या तांदळाच्या भाताबरोबर, कालवून खाऊन बघा. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या कधीच खाल्लेल्या नसतील, तर पहिल्या दिवशी थोड्याच खाव्यात. काहींना यांची ॲलर्जी असते. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

घरातली मंडळी शाकाहारी असतील तर आधी फोन करून विचारावं. बऱ्याच खाणावळी काळ्या वाटाण्याची उसळ, वडे आणि सोलकढीचं उत्तम ताट देतात. तवा आणि तेल वेगळं आहे का, हेही तेव्हाच स्पष्ट विचारावं.

चौघांचं जेवण : दोन हिशेब

पहिला हिशेब थाळीचा. सुरमई थाळी दोन (800), बांगडा थाळी एक (250), शाकाहारी थाळी एक (180) आणि सगळ्यांत मिळून तिसऱ्या मसाला (250). बेरीज 1,480. त्यावर 5 टक्के जीएसटी 74. एकूण 1,554 रुपये.

दुसरा हिशेब सुट्या पदार्थांचा. मध्यम पापलेट दोन (1,400), कोळंबी मसाला (350), माशाचं कालवण (300), चपात्या आठ (160), भात दोन प्लेट (200), सोलकढी चार (160). बेरीज 2,570, जीएसटी धरून जवळपास 2,700 रुपये.

माणसं तेवढीच, पोटही तेवढंच भरतं, पण फरक अकराशेच्या वर जातो. चार दिवसांच्या सहलीत रोज एकदा असं जेवलं, तर साडेचार हजारांहून जास्त रक्कम इथेच वाचते.

बिल हातात आल्यावर

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के असतो, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. बिलावर अक्षरं-अंक मिळून पंधरा चिन्हांचा जीएसटी क्रमांक नसेल, तर कर मागता येत नाही. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या खाणावळीलाही तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांकही असायला हवा.

सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका कायम ठेवली. बिलात आढळलं, तर काढून टाका म्हणून शांतपणे सांगा. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बिलाचा आणि मेन्यूकार्डाचा फोटो जवळ ठेवा. पाण्याच्या बाटलीचं वेगळं आहे : 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बसून खाण्याच्या ठिकाणी छापील किमतीपेक्षा जास्त दर घेता येतो. त्यामुळे बाटली दुकानातून घेऊन ठेवावी किंवा साधं पाणी मागावं. किनाऱ्यावरच्या वाड्यांत नेटवर्क दगा देतं, थोडी रोकड खिशात असू द्या.

एक विनंती

पापलेटाला राज्य सरकारने 2023 मध्ये राज्यमाशाचा दर्जा दिला. बेसुमार मासेमारी आणि वाढ होण्याआधीच पकडलेली पिल्लं यांमुळे हा मासा घटतो आहे. स्वस्त मिळतं म्हणून तळहाताएवढं पापलेट कुणी पुढे केलं, तर घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल तर ते पकडण्यात कुणाला फायदा उरणार नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्या शेगावकराने बांगडा थाळी आणि चौघांत एक प्लेट तिसऱ्या मागवाव्यात. माणशी साडेतीनशे रुपयांच्या आत भरपेट जेवण होतं आणि कोकणची खरी चव कळते. पापलेट खायचंच असेल तर एकदा जरूर खा, पण आधी मासा बघा, दर विचारा आणि मगच तव्यावर जाऊ द्या.