स्पॅनिश शिका, पण मराठी घरी ठेवून नको

"इथे मराठी आणायची नाही, इंग्लिशमध्ये विचार करा," असं पुण्यातल्या एका क्लासमध्ये बाई मला सारख्या बजावायच्या. सगळी फी आधीच घेतलेली, त्यामुळे मुकाट्याने ऐकावं लागलं. आता स्पष्ट लिहिते.

'गुस्तार' हे क्रियापद घ्या. इंग्रजीतून गेलं की 'मे गुस्ता' उलटं वाटतं आणि वर्ग अडकतो. आमचा अडकलाच. आपल्याला मात्र हे आयतं येतं. मला आंबा आवडतो: मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, 'मला' जागचं हलत नाही. हे वर्गात सांगितलं, तर "शॉर्टकट नकोत" म्हणून मला खाली बसवलं!

मग चाचणी. 'मला ते विकत घ्यायचंय' यासाठी मी लिहिलं 'किएरो कोम्प्रारलो'. लाल फुली. नोट्समध्ये 'लो किएरो कोम्प्रार' एवढंच होतं. वास्तविक दोन्ही बरोबर. 'लो' आधी ठेवा नाहीतर 'कोम्प्रार'ला मागून जोडा. स्पॅनिश अकादमीच्या व्याकरणाचा दाखला दिला, तर बाई म्हणाल्या, "पेपर मी तपासते, अकादमी नाही." बाईंचं स्पॅनिश त्यांच्या नोट्सपुरतंच आहे, हे त्या क्षणी कळलं. मार्क दिले नाहीत ते नाहीतच.

मराठी साथ सोडते तिथे मात्र जपा. 'सू' म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदरार्थी तुमचासुद्धा. 'सू कासा' म्हटल्यावर घर कोणाचं ते कळत नसेल, तर 'ला कासा दे एया', म्हणजे तिचं घर, असं सरळ म्हणा. 'नुएस्त्रो, नुएस्त्रा' आपल्या आमचा-आमचीसारखंच चालतं, त्याची काळजी नको. खरी मेख 'ले'ची आहे. पुढे 'लो' किंवा 'ला' आला की 'ले'चा 'से' होतो: से लो दोय, मी त्याला ते देते. 'ले लो दोय' कधीच नाही. तक्ता घोकून हे तोंडात बसत नाही. अख्खी वाक्यं मोठ्याने म्हणा. 'दामेलो', मला ते दे. 'नो मे लो देस', मला ते देऊ नकोस. होकारी आज्ञेत सर्वनाम मागे चिकटतं, नकारात पुढे येतं.

बाकी सराव रोज करा, गाणी ऐका. अकादमीचा शंकानिरसन कोश इंटरनेटवर फुकट आहे, तो उघडायची सवय लावा. फी हप्त्यानेच भरा. आणि पैसे देण्याआधी शिक्षकांना 'किएरो कोम्प्रारलो' चालेल का, एवढं विचारा. नाही म्हणाले, तर दुसरा क्लास शोधा.